स्वर्ग दोन बोटं

सोळाची चाकं काढून एकोणीसची घालायची,
आणि गाडी तर आधीच दीड इंच खाली बसवलेली.
हे गणित मला पटेना.
खाली बसलेल्या माणसाला कुणी मोठे बूट घालतं का?
मिनू म्हणाली, घालतात. तू टॉर्च धर.

ईरीत मार्च हा मिठाचा महिना.
रस्त्यावर मीठ, पायपुसण्यावर मीठ,
फेंडरच्या काठावर बोट फिरवलं की तांबडी पूड.
तळ्यावरचा वारा गॅरेजचं दार वाजवून जातो
उधारी मागायला आल्यासारखा.
नवी चाकं भिंतीला टेकून उभी होती,
अजून कुणी पाणी न विचारलेल्या पाहुण्यांसारखी.

पुढचं डावं बसलं.
स्टिअरिंग पूर्ण वळवलं तेव्हा आतल्या प्लास्टिकला घासलं,
तेवढं तिने कापून टाकलं, शिवणाच्या कात्रीने.
(ती कात्री तिची आई अजून शोधते आहे.)
मागचं मात्र अडलं.
फेंडरच्या आत पत्र्याची एक घडी असते,
बाहेरून दिसत नाही,
पण टायर सोलते ती तीच.

मग शेजारचा पिएत्राक आला बेसबॉलची बॅट घेऊन.
म्हणाला, शाळेत हिला एकदाही चेंडू लागला नाही,
आज तरी काही करू दे.
मिनूने हेअर ड्रायरने रंग ऊन केला, थंड रंग तडकतो म्हणे,
बॅट टायर आणि पत्र्याच्या मध्ये सरकवली,
आणि आम्ही दोघे म्हातारे गाडी ढकलत राहिलो
वीतभर पुढे, वीतभर मागे.
पत्रा कुरकुरला,
आणि मग, काय करता,
वळला.

नट समोरासमोरचे आवळायचे, शेजारशेजारचे नाहीत.
पाना टक्क म्हणाला की थांबायचं.
मी टक्कनंतरही जोर लावायला गेलो
तर तिने माझं मनगट धरलं.
मी तिला सायकल शिकवली, त्या गल्लीत आता धरणारी ती.

काटा आता थोडा मागे राहील, तिने सांगितलं,
तो साठ म्हणेल तेव्हा आपण साडेएकसष्टला असू.
मी म्हटलं, माझा काटा तर केव्हाचाच मागे आहे.
ती हसली नाही. ती जमिनीवर पालथी पडून
टायर आणि फेंडरमधली फट बोटांनी मोजत होती.
दोन बोटं.
स्वर्ग दोन बोटं उरला, मी म्हटलं.
हे मराठी तिला अर्धंच कळलं,
तिने दोन बोटं मला उंच करून दाखवली
जिंकल्यासारखी.

मग म्हणाली, बाबा, मागे बस.
मला वाटलं, फिरवायला नेते आहे.
वजन हवंय, ती म्हणाली.
मी चौऱ्याऐंशी किलो. पुरेना.
पिएत्राकने स्वयंपाकघरातून तांदळाची दोन पोती आणली
आणि माझ्या दोन्ही बाजूंना लेकरांसारखी बसवली.
गाडी उताराच्या तोंडाशी तिरकी घेतली तरी
मागून आवाज आला, खर्र,
जिभेवर खडा आल्यासारखा.

पुन्हा जॅक. पुन्हा मी पायरीवर.
स्प्रिंगची कडी चार फेरे वर घेताना
गाडीखालून तिचा आवाज आला:
कोलंबसला जाताना एवढंच सामान असेल रे,
तुझ्याएवढं. आणि पुस्तकं.
नोकरीचं कधी ठरलं, हे मी विचारलं नाही.
टॉर्च जिथे धरायला सांगितला होता
तिथेच धरला.

दुसऱ्यांदा उतार उतरलो तेव्हा काही घासलं नाही.
झालं बाबा, उतर आता.
मी जरा वेळ बसून राहिलो, दोन पोत्यांच्या मध्ये.
उतरलो तेव्हा
गाडी माझ्या पाठीमागे सुस्कारा टाकून
बोटभर वर आली.

रात्री बायकोने विचारलं, तांदूळ कुठे आहे?
मी म्हटलं, असू दे मागे,
एवढ्या लांब जायचंय.
कुणाला, ती म्हणाली.